‘वॉरंटी गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

शॉकअपमधून तेल गळतंय म्हणून तुम्ही गाडी सर्व्हिस सेंटरला नेता. गाडीला जेमतेम वर्ष झालंय आणि वॉरंटी अजून शिल्लक आहे, त्यामुळे तुम्ही निर्धास्त असता. काउंटरवरचा माणूस बाहेर येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, पुढच्या गार्डवर लावलेल्या जादा लाइटकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘बाहेरचं सामान बसवलंय. वॉरंटी गेली.’

विषय संपला! पुढे बोलायचं काय, ते आपल्याला सुचत नाही. मागे लाइन लागलेली असते. कॉलेजला उशीर होत असतो. शिवाय लाइट खरंच आपणच लावलेला असतो, म्हणजे चूक आपलीच असणार, असंही मनात येऊन जातं. आपण मुकाट्याने पैसे भरतो किंवा गाडी तशीच घेऊन घरी येतो.

पण जरा थांबा. लाइट आणि शॉकअपचा संबंध काय? एक विजेवर चालतो, दुसऱ्यात तेल आणि स्प्रिंग असते. लाइट लावल्याने शॉकअपचं ऑइल सील फुटतं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? हा साधा प्रश्न त्या काउंटरवर कोणी विचारत नाही. तो विचारायला शिकायचं, एवढ्यासाठीच आजचा हा लेख.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. बाहेरचा पार्ट बसवला म्हणून सगळी वॉरंटी आपोआप बाद होऊ नये. त्या पार्टमुळे जे बिघडलं, तेवढ्याचीच जबाबदारी कंपनीने नाकारावी. आणि त्या पार्टमुळेच बिघडलं हे तोंडी सांगून भागणार नाही, कारणासह कागदावर लिहून द्यावं. मात्र हे मागायचं तर आपली बाजूही चोख हवी. दोन्हींबद्दल बोलू.

बाहेरचं सामान लागतंच का?

पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल, कशाला नसते उद्योग? कंपनीने दिलीय तशी गाडी वापरावी की! पण शिरूर आणि दौंडच्या पोरापोरींना गाडी कशासाठी लागते, ते त्यांना ठाऊक नसतं.

शिरूर तालुक्यात टाकळी हाजी, कवठे येमाई, निमोणे, मांडवगण फराटा. दौंडमध्ये पाटस, वरवंड, रावणगाव, आलेगाव. या गावांतून रोज सकाळी मुलंमुली तालुक्याच्या कॉलेजला येतात. एसटीची वेळ आणि लेक्चरची वेळ जुळेल याची खात्री नाही. संध्याकाळी क्लास, लायब्ररी किंवा रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीतली शिफ्ट संपवून परत जायचं, तर अंधार झालेला असतो. दोन्ही बाजूंना ऊस आणि रस्त्यावर दिवा नाही. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात तर बिबट्याची भीती ही काही गोष्टीतली भीती नाही. त्याच्या हल्ल्यात इथे माणसं गेली आहेत. अशा रस्त्यावर गाडीचा मूळ उजेड पुरत नाही, म्हणून पोरं जादा लाइट लावतात. त्याला शायनिंग म्हणायचं का?

गाळप हंगाम सुरू झाला की न्हावरा–चौफुल्यासारख्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कडेला सांडलेला ऊस, मागे दिवा नसलेली ट्रॉली, वळणावर धुरळा. तिथे जोराचा हॉर्न लागतो. मागे दुधाचा कॅन किंवा जनावरांसाठी घास आणायचा तर कॅरिअर लागतं. ओढ्यातून, चिखलातून जायचं तर वेगळ्या नक्षीचे टायर बरे पडतात. आणि कंपनीचा पार्ट आठवडाभर येणार नसेल, तर गावातल्या फिटरकडे आहे तोच बसवावा लागतो, कारण गाडी आठवडाभर बंद म्हणजे कॉलेज आठवडाभर बंद. घरात मुलगी असेल तर ‘गाडी बंद आहे ना, मग राहू दे कॉलेज’ हे वाक्य किती सहज येतं, ते वाचणाऱ्या मुलींना सांगायला नको.

म्हणून हा वाद दोन-अडीच हजारांच्या बिलापुरता नाही. गाडी हप्त्यावर घेतलेली असते, हप्ता वडील भरत असतात, आणि त्या गाडीवरच तुमचं शिक्षण चाललेलं असतं.

बाहेरचं म्हणजे डुप्लिकेट नव्हे

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. ‘बाहेरचं सामान’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली गोष्ट, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला पार्ट. त्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो. पण गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. बेअरिंग, फिल्टर, बल्ब, ब्रेक शू, शॉकअप, बॅटरी, टायर हे बरंचसं दुसऱ्या कारखान्यांत तयार होतं. चाकण आणि रांजणगावच्या एमआयडीसीत तुमच्यापैकी कित्येकांचे भाऊ, मामा असेच पार्ट बनवतात. यातल्या काही कंपन्या स्वतःच्या नावानेही माल बाजारात विकतात. ही झाली दुसरी गोष्ट. पार्ट बाहेरचा, पण बनवणारा नावाजलेला, पक्कं बिल देणारा आणि स्वतःची वॉरंटी देणारा.

तिसरी गोष्ट म्हणजे नकली माल. मोठ्या कंपनीचं नाव, तसंच खोकं, तसाच स्टिकर, आणि आत भलतंच. ही सरळ फसवणूक आहे. त्याची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही.

काउंटरवर या तिन्हींना एकच शिक्का बसतो. दुसऱ्या प्रकारचा चांगला पार्ट आणि तिसऱ्या प्रकारचा नकली पार्ट यांत फरक करायला कोणाला वेळ नसतो. तो फरक दाखवणारा पुरावा आपल्याकडेच असायला हवा, आणि तो पुरावा म्हणजे बिल. फिटरने तोंडी सांगितलेलं ‘एकदम ओरिजिनल आहे, दादा’ हा पुरावा होत नाही.

आणखी एक गंमत बघा. नवीन गाडी घेताना क्रॅश गार्ड, सीट कव्हर, मॅट, कधी कधी लॉक किंवा अलार्मसुद्धा शोरूममध्येच गळ्यात मारतात. पुढे बिघाड झाला की तीच वस्तू बाहेरची ठरू शकते. त्यामुळे शोरूमने बसवलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या बिलावर नावानिशी लिहून घ्या. बिलावर आली की ती बाहेरची म्हणणं त्यांना जड जाईल.

संबंध कसा ओळखायचा?

आता खरा मुद्दा. कुठल्या पार्टने काय बिघडू शकतं, हे थोडं समजून घेऊ. इंजिनिअरिंगला नसाल तरी कळेल इतकं सोपं आहे.

समजा, जुन्या गाडीच्या हेडलाइटमध्ये ३५ वॉटचा बल्ब होता. तुम्ही त्या जागी १०० वॉटचा टाकला. गाडीची वीज १२ व्होल्टची. म्हणजे आधी जिथून तीन अँपिअरच्या आसपास करंट जायचा, तिथून आठच्या वर जायला लागला. वायर तेवढीच बारीक, स्विच तोच, होल्डर तोच. तापणार नाही तर काय होईल? अशा वेळी होल्डर वितळला, वायरिंग जळलं किंवा चार्जिंग सांभाळणारं युनिट गेलं, तर कंपनीचा नकार योग्य आहे. तिथे भांडायला जाऊ नका.

जादा लाइटसाठी मूळ वायर कापून, वर काळी टेप गुंडाळून जोड दिला असेल, तरीही विजेच्या बिघाडात तुमची बाजू लंगडी पडते. तेच लाइट बॅटरीवरून वेगळी वायर ओढून, रिले आणि फ्यूज घालून, मूळ वायरिंगला कात्री न लावता बसवले असतील, तर तुम्ही छातीठोकपणे विचारू शकता, की दोष कुठे आहे ते दाखवा. फिटरकडे जाल तेव्हा एवढंच सांगा, ‘वायर कापायची नाही, कपलर लावा, फ्यूज टाका.’ थोडे पैसे जास्त जातील. जाऊ द्या.

इंजिन ऑइलचंही तसंच. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो. म्हणून दोघांच्या तेलाचा दर्जा वेगळा. डब्यावर मोटारसायकलसाठी ‘जासो एमए’ आणि स्कूटरसाठी ‘जासो एमबी’ असं लिहिलेलं असतं. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं तेल वापरलं आणि बिल ठेवलं, तर डब्यावर कुठल्या ब्रँडचं नाव आहे याने इंजिनाला फरक पडू नये. पण कुठलंही सुटं तेल ओतलं आणि इंजिन जाम झालं, तर दोष कोणाला देणार?

पिकअप वाढावा म्हणून बेल्टकडचे रोलर बदलले आणि बेल्ट तुटला, तर संबंध आहे. रोलर बदलले आणि पेट्रोलचा पंप गेला, तर तो संबंध दाखवून द्यायची जबाबदारी कंपनीची. मोठ्या मापाचा टायर घातला आणि चाकाचं बेअरिंग गेलं, तर संबंध असू शकतो. सीट कव्हर बदललं आणि स्टार्टर मोटर बंद पडली, तर संबंध शून्य.

पाहिलंत ना? प्रत्येक वेळी प्रश्न एकच. या पार्टने हे कसं बिघडवलं?

हा प्रश्न याआधीही विचारला गेलाय

हा प्रश्न आम्ही आज शोधून काढलेला नाही. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या मोटार कंपन्या सुटे भाग बाहेरच्या बाजारात मिळू देत नाहीत आणि बाहेरच्या गॅरेजला दुरुस्ती करणं अवघड करून ठेवतात, अशी ती तक्रार होती. यातल्या फियाटचा कारखाना आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला आहे. फोक्सवॅगनचा शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणला. म्हणजे देशभर गाजलेल्या या प्रकरणाची एक बाजू आपल्या दारातच होती.

चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाची बातमी झाली, पण आपल्या कामाचा भाग त्या आदेशात पुढे आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं आयोगाने कंपन्यांना बजावलं. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्याचा अर्थ. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना आपला माल खुल्या बाजारात विकू द्या, असंही त्यात होतं.

पुढे काही कंपन्या अपिलात गेल्या. शिवाय हे प्रकरण चारचाकी मोटारींचं होतं, स्कूटरचं नव्हतं. त्यामुळे तो आदेश काउंटरवर आपटून उद्या काम होईल, असं आम्ही सांगणार नाही. पण तत्त्व चारचाकीला लागू पडतं आणि दुचाकीला पडत नाही, असं कसं म्हणता येईल? तक्रार लिहाल तेव्हा त्याचा उल्लेख जरूर करा.

दुचाकीचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत बघा. तिथे १९७५ पासून वॉरंटीचा वेगळा कायदा आहे. ‘आमचाच पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी बाद’ अशी अट घालायला तो सहसा मनाई करतो. तरीही हार्ले-डेव्हिडसनच्या वॉरंटीत तशी अट असल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२२ मध्ये ठेवला. कंपनीने वॉरंटीची भाषा बदलावी आणि बाहेरचा पार्ट बसवल्याने वॉरंटी बाद होत नाही हे ग्राहकांना स्पष्ट सांगावं, असं कमिशनने सांगितलं. लाखो रुपयांच्या गाडीवाल्यांना जो हक्क मिळतो, तो हप्त्यावरच्या स्कूटरवालीला का नको?

आपल्याकडे असा वेगळा वॉरंटी कायदा नाही. ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीचा हक्क, यावर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तो व्हायला हवा, आणि त्यात दुचाकी ठळकपणे असायला हवी.

त्यांचीही बाजू ऐका

सर्व्हिस सेंटरमधला माणूस आपला वैरी नाही. बऱ्याचदा तोही आपल्याच गावचा, आयटीआय करून लागलेला असतो. वॉरंटीतलं काम केलं की त्याचे पैसे डीलर कंपनीकडून मागतो. कंपनीने तो क्लेम नाकारला, तर भुर्दंड डीलरवर पडतो. त्यामुळे जरा शंका आली की ‘नाही’ म्हणून मोकळं होणं त्याला सोयीचं असतं. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. निर्णय ज्याने घ्यायचा, त्याच्यापर्यंत कागद पोचवायला हवा.

कंपन्यांची भीतीही अगदीच खोटी नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि स्कूटरमध्ये फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, कंट्रोल युनिट असा बराच नाजूक संसार वाढला. कुठेही वायर जोडून चालत नाही. आपण केलेला उद्योग लपवून, पार्ट काढून ठेवून, ‘आपोआप बिघडलं’ म्हणून क्लेम मागणारेही आपल्यातच आहेत. तेही बंद व्हायला हवं.

आणि वॉरंटीच्या प्रत्येक नकारामागे बाहेरचा पार्टच असतो असंही नाही. ब्रेक शू, केबल, बल्ब, फिल्टर हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत नसतातच. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या कंपनीची असते. फ्री सर्व्हिसिंग ठरलेल्या दिवसांत किंवा किलोमीटरमध्ये, ‘जे आधी होईल’ त्यानुसार केलं नाही, तरीही नकार मिळतो. परीक्षा होती, पेरणी होती, लग्न होतं, ही कारणं तिथे चालत नाहीत.

राहता राहिला कायद्याबाहेरचा हौशी मामला. फटाके फोडणारा सायलेन्सर, समोरच्याचे डोळे दिपवणारे लाइट, चित्रविचित्र आवाजाचे हॉर्न. त्यांच्यासाठी आम्ही एक ओळही खर्च करणार नाही. आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय करायला मोटार वाहन कायदा मनाई करतो. नियमाबाहेर गाडी बदलली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. उसाच्या रस्त्यावर लाइट लावा, पण तो खाली झुकवून लावा. समोरून येणाराही कुणाचा तरी भाऊ असतो.

मग करायचं काय?

काउंटरवर ‘वॉरंटी गेली’ ऐकलं की आवाज चढवू नका. तीन गोष्टी करा.

एक, जॉब कार्ड मागा आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. दोन, नकाराचं कारण लिहून मागा. कुठला पार्ट, त्याने काय बिघडवलं आणि वॉरंटीच्या कुठल्या अटीनुसार नकार दिला. शांतपणे म्हणायचं, ‘साहेब, एवढं लिहून द्या, मी कंपनीला पाठवतो.’ कधी कधी एवढ्यावरच सूर बदलतो. तीन, बिघडलेल्या पार्टचे, जोडणीचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा. पैसे भरून दुरुस्ती करावीच लागली, तर जुना पार्ट परत मागून घ्या. पुढे तपासणीची वेळ आली तर तोच साक्षीदार.

लिहून द्यायला नकार दिला तर? घरी येऊन त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. काय झालं, कोणत्या तारखेला, काय सांगितलं गेलं आणि तुम्हाला काय हवंय, एवढंच. मराठीत लिहिलं तरी चालेल. पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न होतो.

तरीही जमलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नाव ऐकून घाबरू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याने आपल्यासारख्यांसाठी काही दारं उघडली. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. आयोग पुण्यात आहे, म्हणजे शिरूर किंवा दौंडहून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर घ्या अशी विनंतीही करता येते. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मुदत एकच लक्षात ठेवा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची.

निकालाला कायद्याने ठरवलेल्या तीन ते पाच महिन्यांपेक्षा अनेकदा जास्त वेळ लागतो, हेही खरं. म्हणूनच आधी काउंटर, मग ईमेल, मग हेल्पलाइन. पण शेवटचं दार आहे हे माहीत असलं की पहिल्या दारात उभं राहताना पाय लटपटत नाहीत.

याच कायद्यात दुकानदारांसाठीही एक गोष्ट आहे. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. आपण मात्र ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ म्हटलं की खूश होऊन कच्च्या चिठ्ठीवर घरी येतो. शे-दीडशे वाचतात आणि पुरावा जातो. नकली मालाचं दुकानही त्याच चिठ्ठीवर चालतं.

कॉलेजमध्ये हे होऊ शकतं

एकट्याने भांडायला जीव घाबरतो. म्हणून हे चौघांनी मिळून करायचं काम आहे. ग्राहकांनी एकत्र यायचं ही कल्पना आपल्या पुणे जिल्ह्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहकांचा कायदा देशात आला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. आधी माणसं जमली, मग कायदा आला.

शिरूर आणि दौंडच्या कॉलेजांत पार्किंगमध्ये रोज शेकडो स्कूटर उभ्या असतात. एनएसएसवाल्यांनी, कॉमर्सवाल्यांनी मनावर घेतलं तर येत्या २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनाला भाषणाऐवजी एक कामाची गोष्ट करता येईल. टेबल टाका. ज्याच्या गाडीची वॉरंटी नाकारली गेली, त्याने कागद घेऊन यावं. कॉमर्सच्या मुलांनी ईमेल लिहून द्यावा, आयटीआयच्या मित्राला बोलावून वायरिंग तपासावं, आणि जिथे चूक आपली आहे तिथे तसं तोंडावर सांगावं. एकाच सर्व्हिस सेंटरमधून एकाच कारणाने दहा जणांना नकार मिळालाय असं दिसलं, तर दहा सह्यांचं एक पत्र थेट कंपनीला जाऊ द्या.

कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. वॉरंटीच्या अटी मराठीत द्या, मोठ्या अक्षरात द्या. कुठली जोडणी चालते आणि कुठली नाही, याची यादी प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर लावा. आणि नाकारलेल्या प्रत्येक क्लेमचं कारण ग्राहकाच्या मोबाइलवर आपोआप पाठवा. सर्व्हिसिंगची आठवण करून देणारे मेसेज पाठवता, मग हाही पाठवता येईल.

तोवर तुम्ही तुमचं करा. आज घरी गेलात की कपाटातून ती वॉरंटीची पुस्तिका काढा. गाडी घेतल्याची तारीख, पुढच्या सर्व्हिसिंगची मुदत आणि वॉरंटी संपायचा दिवस मोबाइलमध्ये टाका. असतील नसतील त्या बिलांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. लाइटच्या वायरवर काळी टेप गुंडाळलेली असेल, तर रविवारी फिटरकडे जाऊन नीट फ्यूज बसवून घ्या. आणि पुढच्या वेळी काउंटरवरून ‘वॉरंटी गेली’ ऐकू आलं, तर न चिडता विचारा, ‘या पार्टने हे कसं बिघडवलं, एवढं लिहून देता का?’